जीप रँग्लरला एएक्स-५ गिअरबॉक्स काढून एएक्स-१५ बसवताना जुनी ट्रान्सफर केस चालेल का?

जशीच्या तशी नाही. (ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसणारी, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी.) चार सिलिंडरच्या रँग्लरमधला एएक्स-५ मोडला आणि त्याजागी सहा सिलिंडरवाल्या गाडीचा एएक्स-१५ बसवायचा, तर सगळं अडतं ते दातांवर. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा आउटपुट शाफ्ट केसच्या इनपुट गिअरमध्ये शिरतो, आणि त्यांचे दाते (स्प्लाइन) जुळावे लागतात. एएक्स-५ च्या आउटपुट शाफ्टला २१ दाते असतात, एएक्स-१५ च्या शाफ्टला २३. दोन्ही गाड्यांवर एनपी२३१ हीच ट्रान्सफर केस असते आणि बाहेरून ती सारखीच दिसते, म्हणून लोक निर्धास्तपणे गिअरबॉक्स विकत घेतात आणि जोडायच्या वेळी डोक्याला हात लावतात.

माझं स्पष्ट मत: एएक्स-१५ घेताना त्याच गाडीची एनपी२३१ सोबतच उचला. ते जमलं नाही तर जुनी केस उघडून फक्त इनपुट गिअर २३ दातांचा टाकता येतो. मात्र या गिअरच्या लांबीतही फरक असतो, तेव्हा जुना आणि नवा शेजारी ठेवून मोजा. आखूड गिअर शाफ्टवर पुरेसा चढत नाही, मग सगळा जोर मोजक्या भागावर येऊन दाते झिजतात.

दुसऱ्या जीपची केस स्वस्तात मिळत असेल तर पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कुठल्या बाजूने निघतो ते आधी बघा. एनपी२३१ मध्ये तो डावीकडून निघतो, जुन्या जीप सीजेच्या डाना ३०० या केसमध्ये उजवीकडून. रँग्लरचा पुढचा डिफरन्शियल (पुढच्या दोन चाकांना ताकद वाटणारा भाग) डावीकडे आहे, त्यामुळे डाना ३०० घेऊच नका.

प्रोपेलर शाफ्टची लांबी मात्र सगळं बसल्यावर, गाडी चाकांवर उभी असताना मोजा.