केमिस्ट्रीच्या रिसर्च डेटाबेसमध्ये नेमकं हवं ते शोधायला कसं शिकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत एमएस्सी ऑरगॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहात, प्रोजेक्ट कर्क्युमिनपासून (हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून) पायराझोल, म्हणजे दोन नायट्रोजन असलेली पाच अणूंची कडी, बनवण्याचा आहे आणि सरांनी आधी लिटरेचर सर्च, म्हणजे यावर आजवर काय छापून आलंय त्याचा शोध, करून यायला सांगितलंय. 'कर्क्युमिन' टाकलं की पेपरांचा डोंगर उभा राहतो आणि हवं ते त्यात सापडत नाही.

सगळ्यात आधी कर्क्युमिन हा शब्द टाइप करणं थांबवा. एकाच पदार्थाला केमिस्ट्रीत दहा नावं असतात आणि पेपर लिहिणारा त्यातलं कुठलं वापरेल हे तुमच्या हातात नसतं. कर्क्युमिनलाच कुणी डायफेरुलॉइलमिथेन म्हणतं, खाद्यरंगवाले ई १०० म्हणतात, रंगद्रव्यांच्या यादीत तो नॅचरल यलो ३ असतो. तुम्हाला जे बनवायचंय त्याचं तर आणखी वेगळंच. कर्क्युमिन आणि हायड्रॅझिनपासून होणारं पायराझोल २००२ सालच्या एका पेपरात 'हायड्रॅझिनोकर्क्युमिन' या नावाने आलंय. 'कर्क्युमिन पायराझोल' असं शोधत बसलात तर नेमका हाच पेपर हातातून निसटू शकतो.

हे मी अनुभवावरून सांगतोय. एमएस्सीनंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीच्या आर अँड डीमध्ये लागलो तेव्हा एका इंटरमिजिएटवर (अंतिम पदार्थाच्या वाटेवर मध्ये बनणाऱ्या संयुगावर) मी जवळजवळ तीन आठवडे घालवले. नावाने सर्च केला होता, काही मिळालं नव्हतं, म्हणून 'लिटरेचरमध्ये नाही' असं वहीत लिहून मोकळा झालो. आमच्या विभागातल्या एका सीनियर ताईंनी वही पाहिली, शेजारी बसल्या, माउसने रचना काढली आणि सर्चचं बटण दाबलं. एक जुनं जपानी पेटंट समोर आलं. तीच रिअ‍ॅक्शन, सॉल्व्हंट वेगळा, यिल्ड, म्हणजे हाती आलेला पदार्थ, माझ्या दुप्पट. त्या एवढंच म्हणाल्या, "नाव शोधू नकोस, रेणू शोध." तेव्हापासून मी तसंच करतो, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

रेणू शोधायचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे कॅस नंबर. अमेरिकन केमिकल सोसायटीची केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस (कॅस) १९०७ पासून जगभरचं रसायनशास्त्राचं साहित्य नोंदवतेय आणि १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला एक नंबर देतेय. लॅबमधल्या बाटलीच्या लेबलवर तो असतोच. कर्क्युमिनचा ४५८-३७-७. यातला शेवटचा आकडा तपासणीचा असतो. बाकीचे आकडे उजवीकडून सुरुवात करून १, २, ३ असे गुणत जायचे: ७ गुणिले १, ३ गुणिले २, ८ गुणिले ३, ५ गुणिले ४, ४ गुणिले ५. बेरीज ७७, एकक स्थानी ७, म्हणजे नंबर बरोबर. कुणाच्या थिसिसमधून नंबर उतरवून घेतलात तर हे जरूर करून पाहा, आकड्यांची अदलाबदल फार वेळा होते.

पण नंबर कामाला येतो तो पदार्थ आधीच नोंदलेला आणि तुम्हाला माहीत असेल तेव्हा. तुम्हाला तर त्या कुटुंबातली सगळी भावंडं हवी आहेत. त्यासाठी रचना काढून शोधायला शिकावं लागतं, आणि खरी मेहनत इथेच घ्या.

सराव पबकेमवर करा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा हा डेटाबेस २००४ पासून सगळ्यांसाठी मोफत आहे, घरी बसून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही चालतो. त्यात रचना काढायची पाटी आहे. कर्क्युमिन काढा. काढतानाच पहिली अडचण येईल: मधल्या भागात दोन कार्बोनिल (C=O) दाखवायचे की एक कार्बोनिल आणि एक ईनॉल (C=C-OH)? पुस्तकात दोन्ही सापडतात, द्रावणात बहुतांशी ईनॉल रूपच असतं. डेटाबेस मात्र चित्र जसं काढलंय तसंच धरून बसू शकतो, म्हणून दोन्ही रूपं काढून दोनदा शोधा. तसंच दुहेरी बंधांचं. दोन्ही ट्रान्स आहेत हे आपल्याला ठाऊक असतं, पण जुन्या नोंदींत ते दाखवलेलं नसतं, त्यामुळे पहिल्या फेरीत स्टिरिओचा, म्हणजे गटांच्या अवकाशातल्या मांडणीचा, आग्रह धरू नका.

मग सबस्ट्रक्चर सर्च, म्हणजे रेणूचा फक्त एक तुकडा काढून तो ज्यांत आहे ती सगळी संयुगं शोधणं. पायराझोलची कडी काढा, तिच्या ३ आणि ५ या जागांवर एकेक स्टायरिल गट (दोन कार्बनांचा दुहेरी बंध आणि त्याच्या टोकाला बेंझिनची कडी) लावा आणि थांबा. बेंझिनच्या कड्यांवर हायड्रॉक्सी, मिथॉक्सी काहीही लावू नका, त्या जागा मोकळ्या ठेवा. नायट्रोजनवरची जागाही मोकळी, म्हणजे फेनिलहायड्रॅझिन वापरून केलेली संयुगंही येतील. खूप रिझल्ट आले तर एकेक जागा बंद करत जा. नवी मुलं नेमकं उलटं करतात, पूर्ण रेणू काढतात, शून्य रिझल्ट येतात आणि 'नवीन आहे' म्हणून खूश होतात. मीही तेच केलं होतं.

हे हाताला बसलं की सायफाइंडर आणि रीअ‍ॅक्सिस अवघड जात नाहीत. दोन्ही पैसे भरून मिळणारे डेटाबेस आहेत, म्हणून कॅम्पसच्या नेटवर्कवर बसा किंवा ग्रंथालयाकडून लॉगिन घ्या. सायफाइंडर कॅसचं. रीअ‍ॅक्सिसचं मूळ बाइलश्टाइन आणि ग्मेलिन या जर्मन संदर्भग्रंथांत आहे, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या रिअ‍ॅक्शनही तिथे भेटतात. दोन्हीत बाणाच्या डावीकडे कर्क्युमिन, उजवीकडे पायराझोल काढून थेट रिअ‍ॅक्शन शोधता येते. मग यिल्ड, सॉल्व्हंट, पायऱ्यांची संख्या लावून गाळायचं. वितळणबिंदूसारखे गुणधर्म पाहायचे असतील तर मला रीअ‍ॅक्सिस जास्त हाती लागतं. तुमच्या वितळणबिंदूचा आकडा तीन पेपरांशी जुळवून पाहिलात तर व्हायवात (तोंडी परीक्षेत) उत्तर द्यायला सोपं जाईल.

शब्दांचा सर्च पूर्ण सोडायचा नाही, फक्त नंतर करायचा. समानार्थी शब्द ऑरने (OR) जोडून कंसात, वेगळ्या कल्पना अँडने (AND), नेमका शब्दसमूह अवतरणात. सल्फरसारख्या शब्दांची स्पेलिंग दोन्ही तऱ्हांनी (sulfur, sulphur) टाका. नॉट (NOT) शक्यतो वापरू नका, चांगले पेपर गुपचूप उडतात.

एक चांगला पेपर हातात आला की डेटाबेस बाजूला ठेवून त्याच्या मागे-पुढे जा. मागे म्हणजे त्याचे संदर्भ, पुढे म्हणजे त्याचा उल्लेख पुढे कुणी केला ते. मागे जात राहिलात तर कर्क्युमिनची रचना ठरवणाऱ्या १९१० सालच्या जर्मन पेपरापर्यंत पोचाल. पुढे जाताना एक सावधगिरी बाळगा. कर्क्युमिनवरचे कित्येक पेपर छापल्यानंतर रद्द म्हणून मागे घेतले गेलेत, म्हणून ज्यावर विसंबणार तो अशा पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत नाही ना ते पाहा. जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीमध्ये २०१७ साली कर्क्युमिनवर एक परखड आढावा आलाय, तो सिनॉप्सिस लिहिण्याआधी वाचा. कर्क्युमिन अनेक चाचण्यांत खोटे सकारात्मक निकाल देऊ शकतं, ही बाब त्यात नीट मांडली आहे.

पेटंट विसरू नका, आणि तुमचा विषय हळदीचा असल्याने हे आवर्जून सांगतो. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्यावर पेटंट दिलं गेलं होतं. त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. ते आपल्या माटुंग्याच्या यूडीसीटीचे, म्हणजे आताच्या आयसीटीचे (रसायन तंत्रज्ञान संस्थेचे) विद्यार्थी. सीएसआयआरने ३२ संदर्भ पुढे ठेवले, त्यात संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ होते, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. लिटरेचर सर्च म्हणजे हेही असतं. डेटाबेसात जे नाही ते कुठे असेल, हा विचार माणसालाच करावा लागतो. पेटंटसाठी एस्पासनेट आणि गूगल पेटंट्स मोफत आहेत. भारतीय थिसिससाठी शोधगंगा पाहा, तुमच्यासारखाच प्रोजेक्ट कुणीतरी केलेला सापडतो आणि प्रयोगाची कृती पेपरापेक्षा सविस्तर असते.

पूर्ण पेपर मिळत नसेल तर पैसे भरू नका. सरकारी संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू आहे, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स त्यात आहेत. तुमचं कॉलेज त्यात बसतं का हे ग्रंथपालांना विचारा. खरं तर त्यांच्याकडे पहिल्याच आठवड्यात जा. मुंबई विद्यापीठात कलिन्याला शिकताना मी दोन वर्षं ग्रंथालय फक्त अभ्यासाला बसायची जागा म्हणून वापरलं, याचं आजही वाईट वाटतं.

आणि प्रत्येक सर्च वहीत लिहा: तारीख, डेटाबेस, काय काढलं, कुठल्या जागा मोकळ्या ठेवल्या, किती रिझल्ट आले. प्रयोग लिहिता तसंच. सरांनी विचारलं, "हे आधी झालेलं नाही कशावरून?" तर पान उघडून दाखवता येतं. साधं पायराझोल तर झालेलंच आहे, हे आता तुम्हाला कळलंय. त्यामुळे सरांकडे जाताना मोकळ्या जागांच्या सर्चमधून कुठले गट अजून कुणी लावलेले दिसत नाहीत, याची यादी घेऊन जा.