मुलीला कला-डिझाइनच्या प्री-कॉलेज कोर्सला पाठवावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी अकरावीत आहे, तिला पुढे इलस्ट्रेशन किंवा प्रॉडक्ट डिझाइन करायचंय, तर अमेरिकेतल्या एखाद्या आर्ट कॉलेजचा उन्हाळी प्री-कॉलेज कोर्स केल्याने प्रवेशाला मदत होते का? मी पहिल्या वर्षाच्या मुलांना रेखाटन शिकवते आणि अर्ज करणाऱ्यांचे पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचे संचही बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रवेशाचं. कोर्स केला म्हणून त्या कॉलेजात पदवीसाठी जागा राखून ठेवत नाहीत. अर्ज, पोर्टफोलिओ, निबंध सगळं इतरांसारखंच नव्याने द्यावं लागतं. नुसत्या प्रमाणपत्रासाठी पाठवणार असाल तर पाठवू नका. मात्र प्रमाणपत्र बाजूला ठेवून तिथे जे मिळतं, त्यासाठी मी माझ्या ओळखीच्या मुलांना आग्रहाने जायला सांगते.

हे कोर्स साधारण तीन ते सहा आठवड्यांचे असतात. ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन, म्हणजे सगळे ज्याला रिझडी म्हणतात ते, आणि ब्रुकलिनचं प्रॅट ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. मूल एक मुख्य विषय निवडतं आणि त्याच्या जोडीला रेखाटन, डिझाइनची मूलतत्त्वं, थोडा कलेचा इतिहास असतो. पालक आणि मुलं मुख्य विषयाचं नाव बघून कोर्स ठरवतात. माझ्या मते खरी किंमत त्या जोडीच्या विषयांची असते.

हा पाया घालण्याचा प्रकार जुना आहे. 1919 मध्ये जर्मनीत बाउहाउस ही कला-डिझाइनची शाळा सुरू झाली तेव्हा तिथले शिक्षक योहानेस इटेन यांनी सगळ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी एक प्राथमिक अभ्यासक्रम आखला. पुढे तो योसेफ आल्बर्स शिकवू लागले. ते वर्गात वर्तमानपत्रं वाटायचे आणि सांगायचे, या कागदापासून काहीतरी करा, पण कागदाचा मान राखून. कात्री-गोंद लागलाच नाही तर उत्तम. मुलांनी किल्ले, होड्या, विमानं, प्राणी केले. आल्बर्स यांना त्यातलं काही रुचलं नाही, कारण त्या वस्तू दुसऱ्या कशाच्याही करता आल्या असत्या. त्यांना आवडलं ते एका विद्यार्थ्याचं काम: त्याने कागदाला फक्त उभी घडी घातली होती. एरवी आडवा पडून राहणारा लिबलिबीत कागद त्या एका घडीमुळे स्वतःच्या बळावर उभा राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजू दिसू लागल्या. 1933 मध्ये आल्बर्स अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजात गेले, 1950 मध्ये येल विद्यापीठात. अमेरिकेतल्या आर्ट कॉलेजांच्या फाउंडेशन वर्षावर, म्हणजे पायाभूत पहिल्या वर्षावर, या शिकवणीची दाट छाप आहे, आणि प्री-कॉलेज कोर्समध्ये मुलीला त्याचीच चव मिळते. हातातली वस्तू काय करू शकते हे आधी बघायचं, मग आपली कल्पना तिच्यावर लादायची की नाही ते ठरवायचं. सोळा-सतराव्या वर्षी हे हातांना कळलं तर फार मोठी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रिट. सगळ्यांची कामं भिंतीवर लावायची आणि एकेका कामासमोर उभं राहून बोलायचं. घरी आणि शाळेत चित्र चांगलं काढणाऱ्या मुलीने आजवर बहुतेक ‘वा, छान!’ एवढंच ऐकलेलं असतं. क्रिटमध्ये कोणी छान म्हणत नाही. नजर आधी कुठे जाते, उजवा कोपरा रिकामा का वाटतो, ही सावली कुठल्या उजेडाची, असे प्रश्न येतात. पहिल्या आठवड्यात मुलं हिरमुसतात, रडतातही. त्यातून उठून दुसऱ्या दिवशी जी नवा कागद ताणते, तिला हे शिक्षण मानवणार असं मी समजते. आणि कोणाला तिथे उमगलं की आपल्याला चित्रं आवडतात पण दिवसभर स्टुडिओत राबणं आवडत नाही, तर पदवीची चार वर्षं वाचली. तेही मी लाभातच धरते.

पोर्टफोलिओसाठी फायदा होतो तो प्रत्यक्ष बघून केलेल्या कामांचा. रिझडीच्या अर्जात वर्षानुवर्षं सायकलचं रेखाटन मागत असत. आठवणीतून काढली की साखळी भलत्याच चाकाला जाते, फ्रेमचा त्रिकोण चुकतो. समोर बसून काढणाऱ्याची रेघ लगेच ओळखू येते. फोटोवरून उतरवलेले सिनेनटांचे चेहरे आणि आवडत्या ॲनिमेतली पात्रं माझ्याकडे ढिगाने येतात. त्यात मेहनत दिसते, मुलगी दिसत नाही.

कोर्स निवडताना वेळापत्रक मागवा. रेखाटनाचे तास किती आणि सॉफ्टवेअरचे किती, हे बघा. सॉफ्टवेअर नंतर कुठेही शिकता येतं. ऑनलाइन कोर्सात क्रिटची धार बरीच बोथट होते, तेव्हा तो दुसरा पर्याय समजा. परदेशातून जाणार असेल तर कुठला व्हिसा लागेल ते अर्ज करण्याआधी कॉलेजलाच विचारा.

फी भरपूर असते, त्यासाठी कर्ज काढू नका. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी कूपर युनियन या तिथल्याच कॉलेजचा सॅटर्डे प्रोग्रॅम 1968 पासून चालू आहे, तो मोफत आहे आणि कॉलेजचेच विद्यार्थी तिथे शिकवतात. बाकीच्यांनी नॅशनल पोर्टफोलिओ डेला नक्की जावं. तोही मोफत असतो. बरीच कॉलेजं एका जागी येतात आणि तिथली माणसं समोर बसून काम बघतात. अकरावीतच पहिल्यांदा न्या, म्हणजे सुधारायला वर्ष मिळतं. पूर्ण झालेल्या चित्रांबरोबर तिची रोजची स्केचबुकंही द्या, अर्धवट पानांसकट. रांगा लांब असतात, तेव्हा जे कॉलेज सगळ्यात मनात आहे त्याच्यापुढे आधी उभं राहा आणि काम दाखवताना बोलू द्या तिलाच.