मिडवाइफ मिळाली, जिना आडवा आला

“मॅडम, घरी बाळंत व्हायचंय. परवाना असलेली मिडवाइफ मुंबईत मिळते का, आणि ती खरी आहे हे ओळखायचं कसं?” सातवा महिना लागला की हा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुली हल्ली बऱ्याच भेटतात. अनुजा (नाव बदललंय) त्यातलीच एक. गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी, बँकेत नोकरी करणारी पहिलटकरीण. नर्सिंग होममध्ये नाव घातलेलं होतं, तरी मन घरीच अडकलेलं.

कारण विचारलं तर बहिणीची गोष्ट निघाली. तिला लेबर रूममध्ये तासन् तास एकटीला ठेवलं, नवऱ्याला आत सोडलं नाही, संध्याकाळी सिझर ठरलं आणि का ते कुणी सांगितलं नाही. ही भीती हवेतली नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी रुग्णालयांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात. त्यातलं प्रत्येक सिझर अनावश्यक असतं असं नाही, पण बाईच्या पोटात गोळा यायला तो आकडा पुरतो.

घरात दोन तट पडले होते. अनुजाची आई म्हणायची, “तुझी आजी सात वेळा सुईणीच्या हातून बाळंत झाली.” सासूबाई लगेच, “त्यातली जगली किती, तेही सांगा ना विहीणबाई.” नवरा दोघींच्या मध्ये मोबाइलमध्ये डोकं घालून.

मी तिला घरी की दवाखान्यात हे ठरवून दिलं नाही. ते माझं कामच नाही. पण शोध कसा घ्यायचा ते सांगितलं. घरी बाळंत होणं हा आपल्याकडे गुन्हा नाही, मात्र इंग्लंडसारखी सरकारी आरोग्यसेवेतून घरी येणारी मिडवाइफही नाही. तेव्हा पारख आपल्यालाच करावी लागते.

इन्स्टाग्रामवर तिने हेरलेली पहिली बाई डूला निघाली. डूला कंबर चोळेल, धीर देईल, आणि ते कमी मोलाचं नाही. पण रक्तस्राव थांबवणं तिचं काम नव्हे. दुसरी खरोखरच नोंदणीकृत होती. आपल्याकडे जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) झालेल्या मुलीची नोंद परिचारिका आणि प्रसाविका, म्हणजे मिडवाइफ, अशी दुहेरी होते, तसं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं प्रमाणपत्र तिच्याकडे होतं आणि नूतनीकरणही चालू होतं. फक्त शिक्षण संपल्यापासून ती आयसीयूत होती, बाळंतपण तिने हाताळलंच नव्हतं. म्हणून कागद बघून झाला की पुढचं विचारायचंच: गेल्या वर्षात स्वतः किती बाळंतपणं केलीत, त्यातल्या किती जणींना दवाखान्यात हलवावं लागलं, आणि अडलं तर कोणत्या डॉक्टरांना फोन लावता? “आजवर कुणालाच हलवावं लागलं नाही” असं छातीठोक सांगणारीला मी तरी घरात घेणार नाही. इंग्लंडमध्ये, इतकी घडी बसलेली व्यवस्था असूनही, २०११ च्या मोठ्या अभ्यासात घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना बाळंतपणात किंवा लगेच नंतर हलवावं लागलं होतं. आधी मूल झालेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं.

तिसरी मिळाली ती अनुजाच्याच डॉक्टरांकडून. तिने पैशांचं बोलणं बाजूला ठेवून आधी फाइल मागितली: हिमोग्लोबिन, बीपी, साखर, रक्तगट, वार (प्लासेंटा) कुठे आहे, बाळाचं डोकं खाली आहे का. सगळं ठीक होतं. मग म्हणाली, “घर बघायला येते.” आली, आणि घराआधी जिनाच बघत बसली. लाकडी, अरुंद, प्रत्येक वळणावर कुणाची तरी चपलांची मांडणी. पर्समधून टेप काढून तिने वळण मोजलं. “स्ट्रेचर इथे फिरणार नाही. खुर्चीत बसवून उतरवावं लागेल.” नंतर तारीख विचारली. अनंत चतुर्दशीच्या आगेमागे! त्या दिवसांत चौपाटीकडच्या रस्त्यांवर १०८ची रुग्णवाहिका कशी आणणार?

तिने नवऱ्याला समोर बसवून समजावलं. वार पडल्यावर गर्भाशय आकसलं नाही तर बाईचं रक्त झपाट्याने जातं. “गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन माझ्या बॅगेत असतं, बाळाला श्वास द्यायची अंबू बॅगही असते. रक्ताची बाटली नसते.” मोबाइल तेव्हा कुठे खाली ठेवला गेला.

तिचा तोडगा असा: सुरुवातीच्या कळा घरी काढायच्या, ती सोबत राहणार, कळा जोरात आणि नियमित झाल्या की नर्सिंग होम गाठायचं, तिथेही ती आत येणार. डॉक्टर कबूल झाल्या. अनुजा मात्र आठवडाभर रुसली. पुढच्या भेटीत मी तिला एवढंच विचारलं, की बहिणीच्या बाबतीत सगळ्यात जास्त काय खुपलं. “ती एकटी होती,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, “जागा बदलली तरी चालेल, पण ही बाई माझ्याबरोबर हवी.” हे आम्ही कागदावर उतरवलं: नवरा आत असेल, प्रत्येक तपासणीआधी विचारलं जाईल, सिझर लागलंच तर कारण तिला सांगितलं जाईल. डॉक्टरांनी वाचून त्यावर सही केली. अशी सही सगळे डॉक्टर करत नाहीत, पण मागून बघायला काय जातं?

बाळंतपण विसर्जनाच्या आधीच, नर्सिंग होममध्ये, टाके पडून पण सिझरविना झालं.

घरी होतच नाही असं नाही. बोरिवलीच्या एकीचं दुसरं मूल घरीच झालं. पहिलं बाळंतपण सुरळीत झालेलं, इमारतीला मोठी लिफ्ट, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आणि तिथे नाव घातलेलं. अशा घरात दोन कामं मागाहून विसरली जातात. बाळाचे जन्मताच द्यायचे डोस, त्यातही हिपॅटायटिस बी २४ तासांच्या आत, आणि आईचा रक्तगट निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईला ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन. जन्माची नोंदही दवाखाना करत नाही, ती घरच्यांनी २१ दिवसांत महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात करायची असते. मिडवाइफकडून बाळंतपणाची लेखी नोंद त्याच दिवशी मागून घ्या, तिथे ती उपयोगी पडते.