रविवारची मुदत बाजूला ठेवा, आधी मुलीशी बोला

पत्र : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, बीड जिल्ह्यात राहतो. मुलगी २९ वर्षांची, बीएस्सी केमिस्ट्री, ७१ टक्के. सहा वर्षांपासून वाळूजच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, हातात ३१ हजार येतात. पुढे शिकली नाही म्हणून स्थळं अडतात. तिच्या मामेबहिणीने एमबीए केलं, ती पुण्यात मॅनेजर झाली. आता एका कंपनीचे काउन्सेलर आम्हाला रोज फोन करतात. एका खासगी विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए १ लाख ८५ हजारांत आहे, रविवारपर्यंत वीस टक्के सवलत, हप्ते मुलीच्या नावाने. दुसरा पर्याय एका नामांकित संस्थेच्या एक्झिक्युटिव्ह पीजी प्रोग्रॅमचा, तो तीन लाखांचा. तिचं आधार आणि पॅन आम्ही त्यांना दिलं आहे. मुलगी म्हणते, 'तुम्ही म्हणाल तसं.' आठवड्याला एक सुट्टी, तीही झोपून काढते. महत्त्वाकांक्षाच नाही. दोन्हींपैकी कोणतं घ्यावं? ऑनलाइन पदवी सरकारी नोकरीला चालते का? की एमपीएससीला बसवू?

गुरुजी, नमस्कार.

दोन्हींपैकी काहीच घेऊ नका. निदान या रविवारी तर नाहीच. कारणं पुढे सांगतो, पण तुमचं पत्र वाचताना मी फीच्या आकड्यांपाशी थांबलो नाही, 'सुट्टी झोपून काढते' या वाक्यापाशी थांबलो.

औषध कंपनीतल्या क्यूसीचं, म्हणजे क्वालिटी कंट्रोलचं, काम घरून दिसत नाही. फर्स्ट शिफ्ट असली की पोरगी पहाटे पाचला उठून कंपनीच्या बससाठी नाक्यावर उभी असते. पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट, म्हणजे रात्री घरी येऊन जेवायला बारा. मधले आठ तास बहुतेक उभ्याने. एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर सँपल लावायचं, त्याआधी मशीनमधून सोडायचं द्रावण, म्हणजे मोबाइल फेज, बनवायचा, गाळायचा, स्टँडर्ड, म्हणजे प्रमाण नमुना, चालवून मशीन नीट आहे याची खात्री करायची. प्रत्येक वजन, प्रत्येक वेळ त्याच क्षणी लॉगबुकात सहीनिशी लिहायची, नंतर आठवून लिहिलं तर तो गुन्हा समजला जातो. एखाद्या बॅचचा रिझल्ट मर्यादेबाहेर गेला की चौकशी सुरू होते, आणि पहिला प्रश्न टेस्टिंग करणाऱ्यालाच विचारला जातो : तुझी चूक झाली का? शिफ्ट संपली तरी त्या दिवशी ती सुटत नाही. असे सहा दिवस काढून सातव्या दिवशी माणूस झोपणार नाही तर काय करणार? सहा वर्षं हे काम टिकवून धरणाऱ्या मुलीला महत्त्वाकांक्षा नाही म्हणणं मला पटत नाही. तुम्ही आयुष्यभर मुलं पाहिली आहेत. दमलेलं मूल आणि आळशी मूल यांतला फरक वर्गात तुम्हाला लगेच कळत असेल.

आणि 'तुम्ही म्हणाल तसं' हा होकार नाही. मला येणाऱ्या पत्रांत हे वाक्य फार वेळा असतं, बहुतेकदा मुलींच्या तोंडी, आणि त्यामागे बहुधा 'आता वाद नको' एवढंच असतं. संपूर्ण पत्रात तिला काय करायचंय याची एकही ओळ नाही. स्थळं काय म्हणतात ते आहे, मामेबहीण काय झाली ते आहे, फोनवरचा माणूस काय म्हणाला ते आहे. मामेबहिणीने एमबीए कुठून केलं, पूर्णवेळ की नोकरी सांभाळून, त्याआधी तिच्या गाठीशी काय अनुभव होता, हेही नाही. तेवढं कळल्याशिवाय तिच्या पदवीचा आणि तिच्या पदाचा संबंध जोडता येत नाही.

स्थळांबद्दल स्पष्टच लिहितो. बायोडाटावर एक ओळ वाढावी म्हणून कमावत्या मुलीच्या डोक्यावर दोन वर्षांचा अभ्यास आणि कर्ज ठेवू नका. ज्या घराला सहा वर्षं स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी कमी वाटते, त्यांना एमबीए झाल्यावर पगार कमी वाटेल, नाहीतर वय जास्त वाटेल.

आता तुमचे प्रश्न. एमपीएससी राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी पुरते, ती आजच पात्र आहे. पण तिला स्वतःला द्यायची असेल तरच. ऑनलाइन पदवी चालते का? चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे, आयोगाने परवानगी दिलेल्या विद्यापीठाची परवानगी दिलेली ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, आणि आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये हे पुन्हा जाहीर केलं. मात्र परवानगी विद्यापीठाला सरसकट नसते, अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर ती यादी असते. विद्यापीठाचं नाव, 'एमबीए', आणि हेच सत्र, तिन्ही जुळले तरच पुढे जायचं. प्रवेशाआधी विद्यार्थ्याने त्याच विभागाकडून स्वतःचा डीईबी आयडी काढायचा असतो. 'तो आम्ही काढून देतो, फक्त ओटीपी सांगा' असं फोनवरचा माणूस म्हणाला, तर ओटीपी सांगू नका.

तीन लाखांचा दुसरा पर्याय म्हणजे पदव्युत्तर पदवीच, असा तुमच्या मनात जो समज दिसतो तो आधी काढून टाका, कारण तो फार महागात पडतो. 'एक्झिक्युटिव्ह पीजी प्रोग्रॅम', 'पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट', 'ॲडव्हान्स्ड मॅनेजमेंट प्रोग्रॅम' ही नावं ऐकायला मास्टर्ससारखी आहेत, पण बहुतेक ठिकाणी ती पदवी नसते. शेवटी हातात येतं ते प्रमाणपत्र. संस्था कितीही मोठी असली आणि कागदावर तिचा शिक्का असला तरी त्या प्रमाणपत्राच्या जोरावर पुढे पीएचडीला अर्ज करता येत नाही, आणि जाहिरातीत 'पदव्युत्तर पदवी आवश्यक' लिहिलं असेल तिथे ते चालत नाही. शिकवणं वाईट असतं असं मी म्हणत नाही. दहा-बारा वर्षं अनुभव असलेला, कंपनी फी भरते असा माणूस तिथे काही नेमकं शिकायला गेला तर पैसे वसूल होतात. पण स्थळाला 'पोस्ट ग्रॅज्युएट' सांगता यावं म्हणून तुम्ही तीन लाख भरणार असाल, तर ज्यासाठी भरताय तेच त्यातून मिळणार नाही. एकच प्रश्न लेखी विचारा : 'शेवटी पदवी मिळणार की प्रमाणपत्र, आणि ती कोणत्या विद्यापीठाच्या नावाने?' उत्तर फोनवर नको, ईमेलवर घ्या.

या 'काउन्सेलर'बद्दलही लिहायला हवं. तो मार्गदर्शक नाही. त्याला महिन्याला ठरावीक प्रवेश आणावे लागतात. विद्यापीठाने आपला अभ्यासक्रम दुसऱ्या कंपनीला फ्रँचायझीवर चालवायला देणं आयोगाच्या नियमांत बसत नाही, आणि याबद्दल आयोगाने जाहीर इशाराही दिलेला आहे. त्यामुळे फी जायची ती विद्यापीठाच्या खात्यात, कंपनीच्या नाही. रविवारच्या मुदतीला काही अर्थ नाही. ऑनलाइन प्रवेश वर्षातून दोनदा होतात, एकदा वर्षाच्या सुरुवातीला, एकदा जुलैच्या सुमारास. आज नाही घेतला तर सहा महिन्यांनी घेता येतो, आणि 'सवलत'ही बहुधा तिथेच असते.

पण या मुलीला एमबीएने काय मिळेल, हा प्रश्न कुणी विचारला का? क्यूसीमध्ये पुढे सरकायचं तर महाराष्ट्रात एक गोष्ट पदवीइतकीच मोजली जाते : अन्न व औषध प्रशासनाची मान्यता. नोकरीच्या जाहिरातींत 'एफडीए अप्रूव्हड केमिस्ट हवा' असं लिहिलेलं असतं ते हेच. ठरावीक अनुभव असलेल्या बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांनाही ही मान्यता मिळते, आणि त्यासाठी अर्ज कंपनीमार्फत जातो. सहा वर्षांत तिचं नाव पाठवलं गेलं का? नसेल तर तिने आपल्या मॅनेजरला हे सरळ विचारावं. मान्यता फक्त रासायनिक तपासणीसाठी मिळेल की उपकरणांवरच्या तपासणीसाठीही, हेही विचारावं. मान्यता हातात असली की दुसऱ्या कंपनीत ती पगाराबद्दल ताठ मानेने बोलू शकते. त्यासाठी एक रुपयाचंही कर्ज लागत नाही.

तिला खरोखर मास्टर्स करायचं असेल, तर तिच्या कामाला धरून असलेलं करावं. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, ॲनालिटिकल केमिस्ट्रीतलं एमएस्सी आहे. ते ऑनलाइन नाही, दूरशिक्षणाचं आहे. प्रात्यक्षिकांना अभ्यासकेंद्रावर जावं लागतं, म्हणजे रजा लागणार, आणि जवळपासच्या केंद्रावर हा अभ्यासक्रम आहे का ते आधी बघावं लागेल. पण एचपीएलसीवर रोज बसणाऱ्या मुलीला त्यातला प्रत्येक धडा कामाचा आहे. उद्या तिला रेग्युलेटरीकडे (औषधांच्या सरकारी मंजुऱ्यांचं काम) किंवा क्यूएकडे (क्वालिटी ॲश्युरन्स) वळायचं असेल तरी हाच पाया उपयोगी पडतो. मॅनेजमेंटच हवं असेल तर इग्नू आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, तिथलं एमबीए त्या एक लाख ८५ हजारांहून पुष्कळ स्वस्त पडतं. पूर्णवेळ एमबीएसाठी सीईटी आहेच, पण त्यासाठी नोकरी सोडावी लागेल, आणि तसं करण्याचं मला आज कारण दिसत नाही.

पैसे भरण्याआधी एक परीक्षा मात्र घ्या, तिची नव्हे, तिच्या वेळेची. सरकारच्या स्वयम या ऑनलाइन शिक्षणमंचावर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींनी मिळून चालवलेल्या उपक्रमाचे, अभ्यासक्रम आहेत. आठ किंवा बारा आठवड्यांचे, शिकायला फुकट, शेवटी परीक्षा द्यायची असेल तरच साधारण हजार रुपये. दर आठवड्याला व्हिडिओ आणि ठरल्या तारखेला असाइनमेंट. तिने स्वतः निवडलेला एखादा विषय घ्यावा, केमिस्ट्रीचा किंवा मॅनेजमेंटचा, आणि बारा आठवडे करून बघावा. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात असाइनमेंट वेळेत जाते का? अभ्यास नेमका कधी होतो, बसमध्ये, पहाटे, की होतच नाही? दोन वर्षांची पदवी असे शंभर आठवडे मागते. त्या बारा आठवड्यांत घरात तिच्या अभ्यासाला जागा होते का, तेही दिसेल. ती सुट्टीला गावी आली तर पाहुण्यांचा चहा तिच्या गळ्यात पडतो की नाही, हेही त्यात आलं.

हे झाल्यावर तिला मला लिहू द्या. तिच्या हाताने, तिच्या शब्दांत, तुम्ही न वाचता. ती 'पुढे शिकायचंच नाही, मी ठीक आहे' म्हणाली, तर तेही उत्तर मी मानेन, आणि तुम्हीही मानावं असं मला वाटतं.

एक काम मात्र आजच करा, कारण आधार आणि पॅन दिलं गेलं आहे. असे हप्ते कंपनी देत नाही, ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. फी कर्जातून एकदम भरली जाते आणि मुलगी दुसऱ्या महिन्यात शिकणं सोडून देवो, हप्ते तिच्याच खात्यातून कापले जातात. ते चुकले तर उद्या घराचं कर्ज मागताना तिलाच अडचण येते. तेव्हा मुलीच्या ईमेलवरून त्या कंपनीला लिहून कळवा : 'प्रवेश घ्यायचा नाही, कर्जाचा कोणताही अर्ज केला असल्यास रद्द करा, माझी कागदपत्रं वापरू नका.' तिच्या बँक खात्यावर कुठल्या हप्त्यासाठी ऑटो-डेबिटची परवानगी दिली गेली आहे का, ते तिने बँकेच्या ॲपवर पाहावं. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढावा आणि तिच्या नावावर नवीन कर्ज दिसतं का ते बघावं. दिसलंच तर त्या फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही.