मानवी जिनोम वाचून झालाय. मग एखाद्या रिसेप्टरचं (पेशीवर बसून बाहेरचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनाचं) जनुक कुठे आहे आणि कशाने चालू-बंद होतं, हे संगणकावर बसूनच कळत नाही का?

कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं. तेच मला भोवलं; सव्वा वर्ष गेलं.

माझं काम सीडी१६ वर होतं; रोगप्रतिकारक पेशींवरचा, अँटिबॉडी पकडणारा रिसेप्टर. डेटाबेस सांगतो, गुणसूत्र १, क्यू२३ (म्हणजे लांब भुजेवरचा एक पट्टा). बरोबरच आहे. पण त्या पत्त्यावर दोन भावंडं शेजारी राहतात, एफसीजीआर३ए आणि एफसीजीआर३बी. क्रम सुमारे ९८ टक्के सारखा. ३ए एनके पेशींत (रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींत) चालतं, ३बी मुख्यतः न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये. प्रथिनाच्या २०३ व्या जागी ३ए मध्ये फेनिलअ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल, ३बी मध्ये सेरीन; डीएनएत फरक एका अक्षराचा. एवढ्या एका अक्षरापायी पहिला रिसेप्टर पेशीपटलाच्या आरपार जातो आणि दुसरा जीपीआय नावाच्या स्निग्ध रेणूच्या खुंटीला बाहेरच लटकतो.

एनके पेशी चेतवल्या की ३ए चा आरएनए (चालू जनुकाची पेशीत निघणारी प्रत) वाढतो का, हे मी पीसीआरने बघत होते: प्रायमर हे डीएनएचे छोटे तुकडे हव्या त्या क्रमाला चिकटतात, त्याच्या प्रती काढतात आणि त्या जेलवर पट्ट्यासारख्या, म्हणजे बँड म्हणून, दिसतात. बँड वाढायचा, काही रक्तदात्यांत दणकून, काहींत ढिम्म नाही. माझे मार्गदर्शक सर खूश, मी बेचैन. शेवटी हट्टाने तो बँड सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्यातली अक्षरं वाचायला, पाठवला. आलेखात सगळीकडे सुबक एकेक शिखर, आणि नेमकं जिथे ३ए-३बी वेगळे, तिथे ३ए चं अक्षर लाल टी आणि ३बी चं निळा सी एकमेकांच्या डोक्यावर.

"सर, ही दोन जनुकं आहेत."

"नॉइज आहे तो. प्रायमर छापून आलेल्या पेपरमधले आहेत."

नॉइज दर नमुन्यात त्याच अक्षरावर कसा बसेल? आणि जिथे सी उंच, तिथेच बँड दाट! शुद्धीकरणात थोडे न्यूट्रोफिल उरत होते, आणि मी त्यांचं ३बी मोजत होते. त्यात ३बी च्या प्रती माणसागणिक वेगळ्या: कुणात एक, कुणात तीन, क्वचित एकही नाही.

तेव्हा प्रायमरचं ३' टोक (जिथून प्रत पुढे वाढते ते) वेगळ्या अक्षरावरच ठेवा आणि आधी नुसत्या न्यूट्रोफिलच्या आरएनएवर चालवून बघा. बँड आला तर प्रायमर फेकून द्या, पेपर कितीही मोठा असो.

चालू-बंद होण्याचं म्हणाल, तर आरएनए मोजूनही भागत नाही. एनके पेशी चेतल्या की एडॅम१७ हे विकर पृष्ठभागावरचा सीडी१६ कापून टाकतं. जनुक जागच्या जागी चालू, रिसेप्टर गायब. नकाशात हे कुठे दिसणार?

प्रायमरची भानगड मात्र जुळ्या जनुकांपुरती. तुमचं जनुक एकटं असेल तर पत्त्यासाठी खुशाल डेटाबेसवर विसंबा. शिवाय लांब तुकडे वाचणारी तंत्रं आल्यामुळे जुळी सोडवणंही आता तितकं जिकिरीचं नाही; २०२२ मध्ये जिनोमचा उरलेला ८ टक्के भाग वाचून झाला तो त्यांच्याच जोरावर.

आणि सरांच्या बाजूने एक सांगायला हवं: तो बँड पहिल्याच आठवड्यात सिक्वेन्स करायला हवा होता, आणि ते काम माझं होतं. पण नॉइज नव्हता तो.