बार्सिलोनाहून एका दिवसात तारागोना बघून होतं का?

आरामात होतं. फक्त तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट बघा. ‘कॅम्प दे तारागोना’ हे वेगवान गाड्यांचं स्टेशन शहराबाहेर आहे, तिथे उतरलात तर पुढे बस शोधत बसाल. बार्सिलोनाच्या सान्त्स स्टेशनवरून साधी रिजनल गाडी पकडा. तासा-सव्वा तासात थेट समुद्राकाठी उतरवते.

पहिल्यांदा अ‍ॅम्फीथिएटर, म्हणजे रोमन काळातलं झुंजींचं उघडं रिंगण, बघा. दुसऱ्या शतकातलं. इ.स. 259 मध्ये बिशप फ्रुक्तुओसला इथेच जिवंत जाळलं, आणि पुढे त्याच रिंगणात चर्च उभं राहिलं, त्याचे अवशेष अजून मधोमध दिसतात. पायऱ्यांवर बसलं की मागे निळाशार भूमध्य समुद्र. मी तासभर हललोच नाही! रोमन सर्कस, म्हणजे रथांच्या शर्यतींचं मैदान, मात्र अर्धीअधिक जुन्या गावाच्या घरांखाली गडप झालीय.

वेळ उरला तर गावाबाहेरचा 27 मीटर उंच जलसेतू बघा, वरून चालतही जाता येतं. सोमवार टाळा, बरंच काही बंद असतं.

आणि हो, रांब्ला नोव्हा या मुख्य रस्त्यावर मानवी मनोऱ्याचा पुतळा आहे. आपले गोविंदाच वाटतात, फक्त वर हंडी नाही.