बोअरसाठी सिनिअर सिटिझनचं खातं मोडायचं का?

गुहागर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. यजमान मुंबईतल्या खासगी नोकरीतून निवृत्त झाले आणि दोघं गावच्या चिरेबंदी घरात राहायला आली. विहीर आहे, एक एचपीचा पंप आहे, गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. दोन वर्षं एप्रिलच्या मध्यावर विहीर तळ गाठते. यंदा पाच हजार लिटरचे आठ टँकर घेतले, प्रत्येकी १,५०० रुपये. बोअरवाल्याने पंपासकट दीड लाखाचा अंदाज दिलाय, दिवाळीनंतरच्या कामासाठी आत्ताच २५ हजार आगाऊ मागतोय. यजमानांचं म्हणणं, पोस्टातलं सिनिअर सिटिझनचं ६ लाखांचं खातं मोडू. मुलगा म्हणतो, मी पर्सनल लोन काढतो. ताई विचारतात, दोन्हींतलं बरं कुठलं?

ताई, आज दोन्ही नकोत. आगाऊ रक्कमही देऊ नका.

आधी खात्याचं बघू. जून २०२३ मध्ये ८.२ टक्क्यांनी उघडलंय, म्हणजे दर तिमाहीला १२,३०० रुपये हातात येतात आणि तुमचा घरखर्च मुख्यतः त्यावरच चालतो. या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, काढायचे तर अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेल्यावर बंद केलं तरी मुद्दलाचा एक टक्का कापतात, म्हणजे ६,००० रुपये तिथेच गेले. पुढे दीड लाख कायमचे कमी झाले की त्यावरचं वर्षाचं व्याज, १२,३०० रुपये, बुडालं. आता टँकरचा हिशोब शेजारी मांडा: आठ गुणिले दीड हजार, १२,०००. बोअरला भरपूर पाणी लागलं तरी टँकरचे वाचलेले पैसे बुडालेल्या व्याजाएवढेच होतात. शिवाय दीड लाख गेले ते गेलेच, आणि नव्या पंपाचं लाइट बिल वेगळं.

पाणी लागेलच असंही नाही. बोअरवाला फुटाप्रमाणे पैसे घेतो, कोरडी गेली तरी घेतो. तुमचं घर खाडीपासून लांब नाही. अशा ठिकाणी उन्हाळ्यात जास्त उपसा झाला की खारं पाणी आत सरकतं. मुलाच्या कर्जाचा हप्ता मात्र पाणी गोडं लागो की खारं, पुढच्याच महिन्यापासून सुरू होईल.

तुमच्या पत्रात मला खरी अडचण शेवटच्या चार ओळींत दिसली, ज्या तुम्ही सहज लिहून गेलात. पंपात रोज पाणी ओतल्याशिवाय तो उचलत नाही. पूर्वी दिवसातून एकदा २५ मिनिटं चालवलं की टाकी भरायची, आता दोनदा पाऊण-पाऊण तास चालवावा लागतो. संडासाच्या फ्लशमध्ये सतत बारीक आवाज येतो. आणि माडांच्या आळ्यात स्वयंपाकघराचं सांडपाणी जातं, टाकीचं नाही. मग दोन माणसांना दिवसाला दोन टाक्या, दोन हजार लिटर पाणी लागतंच कसं? शहरात पाणीपुरवठ्याचं माप माणशी १३५ लिटर धरतात.

पंप रोज पाणी सोडतो याचा बहुधा अर्थ फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची, पाणी मागे जाऊ न देणारी झडप) गळतोय किंवा विहिरीकडच्या पाइपाचा एखादा जोड हवा ओढतोय. दिवसाचा जादा तासभर म्हणजे महिन्याला साधारण ३०-३२ युनिट. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर बराच चढा लागतो, आणि तुमची ही जादा युनिटं नेमकी त्या वरच्या दरात पडतायत.

टाकीनंतरची गळती तुम्ही स्वतः तपासू शकता. रात्री निजताना सगळे नळ बंद करा, टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा, सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघा. टाकीचा व्यास ११० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे साडेनऊ लिटर गेलं. आठ तासांत बारा सेंटिमीटर उतरली, तर दिवसाला साडेतीनशे लिटरच्या घरात, महिन्याला दहा हजार. म्हणजे मे महिन्यात विकत घेतलेले दोन टँकर कुणी न वापरताच गेले. फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद कालवून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात पिवळं उतरलं तर आतला रबरी वायसर गेलाय. थेंब-थेंब गळणारा नळही सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला वीसेक लिटर घालवतो.

आपल्याकडे म्हणतात, विहिरीचं पाणी गळलं तर जमिनीतच मुरतंय, जातंय कुठे! पण जांभ्यात मुरलेलं पाणी तुमच्यासाठी मेपर्यंत थांबून राहत नाही, ते खाली खाडीकडे निघून जातं. आणि ते वर चढवायला वीज तर तुम्हीच भरलेली असते.

विहिरीपासून घरापर्यंतचा जमिनीतला लोखंडी पाइप वीस वर्षांचा आहे असं लिहिलंय. खाऱ्या हवेत जीआय पाइप आधी एल्बोपाशी आणि आट्यांच्या जागी कुजतो. तो पूर्ण बदला, प्लास्टिकचा टाका आणि निदान वळणांच्या जागा उघड्या ठेवा, म्हणजे पुढे गळती डोळ्यांना दिसेल. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवाच. लाइट जाते, पंपाचं बटण चालूच राहतं, मध्यरात्री लाइट येते आणि टाकी सकाळपर्यंत वाहत राहते, हे कोकणात घरोघरी चालतं.

या सगळ्यासाठी १५ हजारांची मर्यादा ठेवा. बचत खात्यात ४० हजार आहेत म्हणता, त्यातून करा. प्लंबरला आजच सांगून ठेवा, कारण गणपतीला चाकरमानी यायला लागले की तो कुणाच्याच हाती लागत नाही. सामान स्वतः जाऊन आणा, आयएसआय शिक्का बघून आणि पक्कं बिल घेऊन.

एवढं करूनही विहीर आटू शकते, ते मी नाकारत नाही. तशी वेळ आली तर बोअरवाल्याच्या आधी रत्नागिरीला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन जागेबद्दल विचारा. बोअरवाल्याकडून फुटाचा दर, केसिंग पाइपचा (बोअरच्या कडा ढासळू नयेत म्हणून आत घालतात त्याचा) दर आणि कोरडी गेल्यास किती पैसे, हे लेखी घ्या. पैशासाठी तेव्हाही पोस्टाचं खातं मुदत संपेपर्यंत, म्हणजे जून २०२८ पर्यंत, तसंच राहू द्या. मुलाची बँकेत एफडी आहे म्हणता, तर त्याने तिच्यावर कर्ज घ्यावं. पर्सनल लोनपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं आणि एफडी मोडावी लागत नाही.

दुरुस्तीनंतर पंप रोज किती मिनिटं चालला ते कॅलेंडरवर लिहीत जा. पुढच्या मेअखेर त्या नोंदी, लाइट बिलं आणि टँकरचा आकडा मला पाठवा. बोअरचं गणित त्यावर मांडू.